स्टेअरिंग हलकं झालं तेव्हाच कळायला हवं होतं

(या भागाचं लेखी रूप. बोलताना तेच तेच आलेलं थोडं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी गॅरेजच्या पोटमाळ्यावर बसून बोलतोय, कारण खाली एका टेम्पोचं क्लचचं काम चाललंय आणि घणाचा आवाज बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. मागे हायवेचा आवाज येईल. वडप्यात राहून तो आवाज नको म्हणणं म्हणजे समुद्रकाठी राहून लाटा नको म्हणणं.

ज्यांना वडपे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्याहून नाशिकला निघालात, माजिवडा सोडलं, की साधारण २४ किलोमीटरवर आमचं गाव. रस्ता आठपदरी करण्याच्या बातम्यांमध्ये ‘माजिवडा-वडपे’ हे जोडनाव तुम्ही ऐकलं असेलच. पुढे पडघा, शहापूर, कसारा घाट. जवळच आमणे, जिथं समृद्धी महामार्ग येऊन संपतो. नागपूर ते आमणे, ७०१ किलोमीटर. त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. आणि आजूबाजूला गोडाऊन. जिकडं नजर टाकाल तिकडं गोडाऊन. तुम्ही फोनवर जे मागवता, त्यातलं बरंच काही आमच्या गावावरून जातं. ते माल नेणारं छोटं जनावर म्हणजे पिकअप.

तर आजचा विषय पिकअपचं पुढचं अंग थरथरणं. आमच्याकडं मेकॅनिक लोक म्हणतात ‘वॉबलिंग’. इंटरनेटवर त्याच्या भयंकर प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव ऐकून हसू नका. मी हसलो होतो.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवल्या. दादा, साठच्या वर गेलं की स्टेअरिंग हलतं, काय करू? मी उत्तर द्यायचं टाळत होतो. कारण खरं उत्तर द्यायचं तर माझी एक चूक सांगावी लागते. ती आज सांगतो.

आमच्या घरी एक पिकअप आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही. पुढे अखंड अॅक्सल आणि पाटे, म्हणजे कमानी. आजकालच्या कारसारखी दोन्ही चाकं स्वतंत्र नाहीत. एका जाड लोखंडी आडव्या तुळईच्या दोन टोकांना दोन चाकं. दणकट प्रकार. माल ओढायला उत्तम. ती गाडी आधी बाबा चालवायचे, आता माझा धाकटा भाऊ चालवतो. मी आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलेला, त्यामुळं घरच्या गाडीचं काम बाहेर का द्यायचं, हा माझा ताठा.

दिवाळीच्या आधी पुढचा एक पाटा तुटला. गोडाऊनच्या आतल्या रस्त्यावर जो खड्डा आहे तो आम्ही रोज बघतो, रोज चुकवतो, आणि एक दिवस तो आपल्याला चुकवत नाही. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असं ठेवलं तर गाडी एका अंगाला कलते, म्हणून मी दोन्हीकडचे पाटे उतरवले, नवे भरले, यू-बोल्ट कसले. एक दिवस गेला. संध्याकाळी गावात चक्कर मारली आणि मी खूश. स्टेअरिंग एकदम हलकं! आधी वळवायला जोर लागायचा, आता एका हातानं वळत होतं. भावाला म्हटलं, बघ, हात लागला की असा फरक पडतो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढं हिवाळा, उन्हाळा गेला. भाऊ एकदा म्हणाला, वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, हातानं आणावं लागतं. मी म्हटलं, हात कशाला दिलेत मग? मग जून आला, पाऊस आला, खड्डे आले. जुलैमध्ये पहिल्यांदा तो म्हणाला, ‘साठ-पासष्टला स्टेअरिंग थरथरतं.’

आता इथं थांबून जरा शिकवणी घेतो. स्टेअरिंग हलतं ही एक तक्रार नाही, त्यात तीन वेगवेगळे आजार आहेत, आणि औषध वेगवेगळं आहे.

एक थरथर ठरावीक वेगालाच येते. समजा ६५ ते ८०. रस्ता गुळगुळीत असला तरी येते, वेग वाढवला की कमी होते. बारीक, सतत, मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी. तिथं बहुतेक चाकाचाच दोष असतो: बॅलन्स गेलाय, रिम वाकलीय, टायरला फुगा आलाय, नाहीतर रिमच्या आत चिखल सुकून बसलाय. हसू नका, पावसाळ्यात आमच्याकडं निम्म्या गाड्यांचं ‘वॉबलिंग’ प्रेशर वॉशनं जातं.

दुसरी फक्त ब्रेक दाबल्यावर येते. ती ड्रम किंवा डिस्क वाकडी झाल्याची खूण.

तिसरी आज आपला विषय. गाडी व्यवस्थित चाललेली असते. मग एक चाक खड्ड्यात जातं किंवा पुलाच्या जोडावर आपटतं आणि स्टेअरिंग डावी-उजवी, डावी-उजवी असं झटके मारायला लागतं. खड्डा मागे गेला तरी थांबत नाही. उलट वाढतं. वेग बराच खाली आणेपर्यंत सुटका नाही. पहिल्या दोन प्रकारांत गाडी तक्रार करते, तिसऱ्यात ती ताब्यातून जाते.

माझ्या भावाची तक्रार सुरुवातीला पहिल्या प्रकारासारखी वाटत होती. मी चाकं बॅलन्स करून आणली. थोडा फरक पडला. मग अलाइनमेंट केली. मशीनवर गाडी चढवली, त्या मुलानं टो जुळवला, कागद छापून दिला, मी पैसे दिले आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. वाचला नाही. मशीनवाला ‘ओके’ म्हणाला होता, मग वाचायचं कशाला!

थरथर परत आली. मग मी सगळ्यात सोपा रस्ता धरला. स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकला. डॅम्पर म्हणजे शॉकअब्सॉर्बरसारखी आडवी नळी, स्टेअरिंगचे झटके गिळते. टाकला आणि थरथर गायब. अगदी गायब. मी भावाला सांगितलं, झालं काम, जा बिनधास्त.

मित्रांनो, दुखणाऱ्या दाताला गोळी घेतली की दुखायचं थांबतं. दात किडायचा थांबत नाही.

सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेअकराला बाबांचा फोन वाजला. भाऊ. वडप्याहून नाशिकला खोकी घेऊन निघाला होता, गाडी भरलेली. पडघ्याचा टोल सोडून पुढं गेला, ७० चा वेग, एका पुलाच्या जोडावर पुढचं चाक आपटलं आणि स्टेअरिंगनं त्याच्या हातातून स्वतःला सोडवून घेतलं. हे त्याचेच शब्द आहेत. डाव्या हाताचा अंगठा स्टेअरिंगच्या दांडीत अडकला होता, तो मुरगळला. गाडी उजव्या लेनमध्ये गेली. मागून कंटेनर येत होता. कंटेनरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज मी हा भाग रेकॉर्ड करतोय. त्या ड्रायव्हरदादाचं नावही आम्हाला माहीत नाही, तो थांबलाही नाही, नुसता लांब हॉर्न मारून गेला.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, ‘गारी थांबव. जिथं हायस तिथं थांबव.’ आमच्या आगरीत गाडीला गारी. मग फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं बाइकवर गेलो. भाऊ रस्त्याकडेला, गाडीपासून लांब, गवतात बसला होता. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो, डावीकडचा टायरॉड एंड हातानं हलवून बघितला आणि पोटात गोळा आला. तो सांधा डबीत खुळखुळत होता. अजून एखादा मोठा दणका बसला असता तर गोळा डबीतून बाहेर, आणि मग डावं चाक एका दिशेला, उजवं दुसऱ्या. रात्री दोन वाजेपर्यंत ओळखीतल्या दुसऱ्या पिकअपमध्ये माल भरला आणि आमची गाडी टोचन करून आणली. पुढचं अंग उचलून. दोरीनं ओढत नाही आणली. स्टेअरिंग सुटलेली गाडी दोरीनं ओढायची नसते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः हात लावला नाही. भिवंडीत एक उस्ताद आहेत. ट्रकच्या पुढच्या अॅक्सलचंच काम करतात, आयुष्यभर तेच. मी शिकाऊ असताना त्यांच्याकडं सहा महिने पाने पुसलेत. त्यांना घेऊन आलो. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय काय बदललंस?’ मी सांगितलं, डॅम्पर. म्हणाले, ‘काढ तो.’

‘काढू? नवा आहे उस्ताद.’

‘म्हणूनच काढ. तो खोटं बोलतो.’

डॅम्पर काढला. मग ते गाडीखाली गेले, चाकं जमिनीवरच होती, आणि मला म्हणाले, बस आत आणि स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलव. पूर्ण वळवायचं नाही. घड्याळात काटा अकरावरून एकवर जाईल एवढंच. जॅक न लावता हे करायचं कारण असं की गाडीचं वजन चाकांवर असतं तेव्हाच सांध्यांवर खरा जोर येतो. चाक हवेत असलं की सैल सांधाही शहाण्यासारखा वागतो. ते खालून एकेका सांध्यावर बोटं ठेवत होते. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, टायरॉडची दोन टोकं. स्टेअरिंग हललं की दोन्ही भाग एकाच क्षणी हलायला हवेत. एक आधी आणि दुसरा मागून हलला, तर मधल्या फटीत पैसे आहेत, असं त्यांचं म्हणणं. डावा टायरॉड एंड गेलाच होता. ड्रॅग लिंकचा पुढचा सांधाही थोडा सैल निघाला.

मग मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचं अंग उचललं, खाली स्टँड लावले. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी सांगणार: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. दगड, रिम, लाकडाचा ओंडका यांच्यावरही नाही.

चाक वरून आणि खालून धरायचं, घड्याळात बारा आणि सहा, आणि आत-बाहेर हलवायचं. डावं चाक हललं. आता इथं एक जागा आहे जिथं बरेच जण फसतात. चाक असं हललं तर दोष व्हील बेअरिंगचा असू शकतो किंवा किंगपिनचा. किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खिळ्याभोवती पुढचं चाक वळतं तो. दाराची बिजागरीच समजा. बेअरिंग कसायला दहा मिनिटं लागतात, किंगपिन बदलायला एक-दोन दिवस. मग ओळखायचं कसं? उस्ताद म्हणाले, आत बस, ब्रेक दाबून धर. मी ब्रेक दाबला. त्यांनी परत चाक हलवलं. ब्रेक लागला की चाक आणि त्याच्या मागचा भाग एकमेकांना जखडले जातात, बेअरिंगचा ढिलेपणा लपतो. तरीही हललं, तर किंगपिन. आमचं थोडं कमी झालं, पण हललंच. म्हणजे दोन्ही.

घरी करता येईल अशी ही सगळ्यात कामाची चाचणी आहे. गॅरेजवाला म्हणाला ‘किंगपिन गेलाय’, तर त्याला प्रेमानं सांगा, ब्रेक दाबून दाखव.

किंगपिन का गेला, हे मला पटेना. मी दर पंधरा दिवसांनी ग्रीस मारतो, स्वतः मारतो. उस्तादांनी ग्रीसगन लावली, दाबली. ग्रीस निपलच्या कडेनं बाहेर आलं. आत एक थेंब गेला नव्हता. निपल सुकलेल्या ग्रीसनं आणि चिखलानं बंद होतं, आणि मी बाहेर आलेलं ग्रीस बघून समाधानानं पुसत होतो, किती महिने कोण जाणे. ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस सांध्यातून बाहेर येताना दिसलं पाहिजे. आणि पुढचं अंग उचलून मारायचं, म्हणजे वजन हटतं आणि ग्रीस जिथं झीज होते तिथं पोचतं.

किंगपिन काढणं हा वेगळाच सोहळा. लॉकपिन निघाली, पण किंगपिन हलेना. घण मारला, गरम केला, डिझेल सोडलं, परत घण. दुपारचं जेवण झालं, परत घण. चारच्या सुमाराला आवाज बदलला. घणाचा आवाज ठण्णवरून ठप्पवर आला की तो सुटला असं समजायचं. बाहेर आला तेव्हा एका बाजूनं झिजून अंडाकृती झाला होता. नवे बुश दाबून बसवले, मग रीमर फिरवून आतून मापात केले. नवा किंगपिन तेल लावून अंगठ्याच्या जोरानं आत जायला हवा. घणानं जात असेल तर घट्ट आहे, स्वतःच्या वजनानं पडत असेल तर बुश वाया गेला. उस्तादांनी डाव्याचं केलं आणि उजव्याचं माझ्याकडून करून घेतलं. बेअरिंग कसतानाही तेच: चाक फिरवत फिरवत नट कसायचा, मग थोडा मागे सोडायचा, मग नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून परत घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता थोडं ‘का’ सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मॉलमधली ट्रॉली आठवा. पुढचं छोटं चाक दांडीच्या खाली सरळ नसतं, थोडं मागे असतं. म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप मागे ओढलं जाऊन सरळ होतं. गाडीच्या पुढच्या चाकातही असंच केलेलं असतं. किंगपिन अगदी उभा नसतो, त्याचं डोकं थोडं मागे झुकलेलं असतं. या झुकावाला म्हणतात कॅस्टर. त्याच्यामुळं वळण संपलं की स्टेअरिंग स्वतःहून सरळ होतं. तुम्ही बाइकचे हात सोडून स्टाइल मारता ना, त्यात पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाचा मोठा वाटा आहे. मारू नका.

आणि तीच ट्रॉली जोरात पळवली की तेच चाक फडफड करायला लागतं. तेच वॉबलिंग. अखंड अॅक्सलच्या गाडीत त्यात आणखी एक भानगड. चाक म्हणजे फिरता भोवरा. फिरता भोवरा एका बाजूला ढकलला तर तो तिकडं न जाता आडवा वळतो. खड्ड्यात डावं चाक वर उचललं गेलं की अख्खा अॅक्सल तिरका होतो, दोन्ही फिरती चाकं तिरकी होतात, आणि तिरकी झाली म्हणून वळायला बघतात. वळली की टायर परत सरळ ओढतात, जरा जास्त ओढतात, मग उलटीकडं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का मिळत गेला की तो चढत जातो, तसं. सांधे घट्ट असतील तर हा झोपाळा दोन झोक्यांत मरतो. सैल असतील तर चढतो.

हे आपल्याच नशिबी आलंय असं नाही. १९२० नंतर अमेरिकेत मोठे, कमी हवेचे टायर आले आणि गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या या फडफडीनं इंजिनियर लोक वैतागले होते. मॉरिस ऑली नावाचा इंजिनियर रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडं गेला, त्यानं यावर बरंच काम केलं, आणि १९३४ च्या मॉडेलांमध्ये पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी झाली. आज तुमच्या कारला हा त्रास सहसा होत नाही याचं एक कारण ते. पण माल वाहणाऱ्या गाडीला अखंड अॅक्सल स्वस्त पडतो, टिकतो, म्हणून तो राहिला. त्याच्यासोबत त्याचा जुना आजारही राहिला.

परत गोष्टीकडं. किंगपिन नवे, टायरॉड एंड नवे, बेअरिंग कसलेलं, टो जुळवलेला. टो आम्ही खडूनं केला: चाक उचलून फिरवत टायरवर रेघ मारायची, गाडी खाली घ्यायची, मग पुढच्या आणि मागच्या बाजूला रेघांमधलं अंतर टेपनं मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, नेमकं किती ते गाडीच्या पुस्तकात असतं. मी गाडी सर्व्हिस रोडला फिरवून आणली. थरथर नाही. मी हसत उतरलो.

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, ‘वळवून हात सोड.’

मैदानात नेली, हळू वळवली, हात सोडले. स्टेअरिंग तिथंच राहिलं. परत आलं नाही.

‘पाटे कुणी भरले?’

‘मी.’

‘अलाइनमेंटचा कागद आहे?’

डॅशबोर्डच्या कप्प्यातून तो कागद काढला. दोन बिस्किटांचे पुडे आणि एका चलनाच्या खाली होता. कॅस्टरच्या रकान्यात, लाल रंगात, दोन्ही चाकांपुढं एक अंशाच्या आसपास आकडा. शेजारी, किती हवा ते छापलेलं: तीन. मशीनवाल्या मुलानं टो जुळवला, कारण या गाडीत मशीनवर टोच जुळवता येतो. कॅस्टर फिरवायला बोल्ट नसतो, म्हणून त्याकडं कुणी बघत नाही. पण मशीननं तर मोजला होता. छापून हातात दिला होता.

कॅस्टर कुठून येतो? पाटा आणि अॅक्सल यांच्या मध्ये एक लोखंडी पाचर असते, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. आमच्या गाडीत पाटा अॅक्सलच्या वर बसतो आणि पाचरीची जाड बाजू मागे हवी. उस्ताद टॉर्च घेऊन वाकले आणि बाजूला सरकून मला जागा दिली. काही न बोलता. दोन्ही पाचरी उलट्या होत्या. जाड बाजू पुढे. एक-एक अंशाच्या पाचरी. सुलट असताना एक अंश देतात, उलट बसल्या की एक अंश खातात. फरक दोन. तिनाचा एक.

दिवाळीआधी पाटे उतरवले तेव्हा पाचरी ग्रीस-चिखलासकट खाली पडल्या, मी धुतल्या, पुसल्या आणि बसवल्या. कुठली बाजू कुठं होती, हे बघितलं नव्हतं. खडूची एक खूण केली असती तर पुरलं असतं. आणि स्टेअरिंग हलकं झालं ते माझा हात लागला म्हणून नाही. चाकांना सरळ धरणारा जोर निघून गेला होता म्हणून. भाऊ सांगत होता, परत येत नाही, परत येत नाही.

मी उस्तादांना म्हटलं, म्हणजे सगळं यानंच झालं? ते म्हणाले, तसं नाही. कॅस्टर कमी झाला म्हणून गाडी भरकटत राहिली, भाऊ सतत स्टेअरिंग सावरत राहिला, त्यात खड्डे, त्यात किंगपिन कोरडा. कुठल्या एकानं झालं ते सांगता येत नाही. आणि उलटंही लक्षात ठेव, म्हणाले: जास्त कॅस्टर म्हणजे जास्त चांगलं, असं समजून जाड पाचरी घालणारे येतात माझ्याकडं, तेव्हाही फडफड वाढते. मागं प्रमाणाबाहेर माल भरला की गाडीचं नाक वर जातं, तेव्हाही कॅस्टर बदलतो, आणि पुढच्या चाकांवरचं वजन हटतं ते वेगळंच.

पाचरी सुलट केल्या. यू-बोल्ट नवे घेतले आणि टॉर्क पान्यानं कसले, काही दिवस चालवून परत कसले. पाटे बसतात तसे बोल्ट सैल होतात. डॅम्पर सगळ्यात शेवटी लावला. आधी त्याच्याशिवाय गाडी नीट चालली पाहिजे, अशी उस्तादांची अट होती.

बाइकवाल्यांनी विचारलं होतं, आमचंही हँडल हलतं. तुमच्याकडं किंगपिनच्या जागी कोनसेट असतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं किंवा फोर्क पुढं-मागं हलवल्यावर ‘टक’ झालं, तर कोनसेट बघा. टायरची हवा त्याच्याही आधी बघा.

आणि चालत्या गाडीत हे सुरू झालं तर? जोरात ब्रेक मारायचा नाही, वजन पुढं येतं आणि झटके वाढू शकतात. अॅक्सिलरेटर सोडा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, अंगठे दांड्यांच्या आत न घालता, आणि त्याच्याशी कुस्ती खेळू नका. वेग आपोआप उतरू द्या, इंडिकेटर द्या, डावीकडं घ्या. मग थांबल्यावर, आता बरं वाटतंय म्हणून पुढं निघू नका. माझा भाऊ तेव्हा थांबला. बाबांनी सांगितलं म्हणून थांबला. मला फोन केला असता तर मी कदाचित म्हणालो असतो, हळूहळू ये घरी.

काम झाल्यावर आठवडाभर भावानं गाडीला हात लावला नाही. अंगठ्याचं निमित्त सांगायचा. मीही काही बोललो नाही. मग एका रविवारी सकाळी बाबाच म्हणाले, जा दोघं, शहापूरपर्यंत जाऊन या. भाऊ चालवायला बसला, मी शेजारी. पाठीमागे सिमेंटची दहा-बारा पोती, वजनासाठी. पडघा गेलं. तो पूल आला. त्यानं वेग कमी केला नाही, मीही करायला सांगितलं नाही, फक्त दाराचं हँडल धरलं. चाक जोडावर आपटलं. धाड. स्टेअरिंग एकदा हललं आणि गप्प बसलं.

शहापूरला वडापाव खाल्ला. परत फिरताना हायवेला लागायला त्यानं वळण घेतलं, हात सैल सोडले, स्टेअरिंग आपलं आपण सरळ झालं. तो म्हणाला, ‘दादा, जड झालंय रे स्टेअरिंग.’

मी म्हटलं, ‘हो.’